पत्रिकेवर 'कीनोट स्पीच' छापू की 'प्रास्ताविक'?

पार्कचौककर | ११ जानेवारी, रात्री १०.४०

मंडळी, परवा मजकूर छापखान्यात द्यायचाय, म्हणून घाईनं विचारतोय.

आमच्या संस्थेचं या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोलापुरात एक दिवसाचं चर्चासत्र आहे. विषय ज्वारी, पेरणीपासून भाकरीपर्यंत. श्रोते निम्मे शेतकरी, निम्मे कॉलेजची पोरं आणि मास्तर लोक. पत्रिकेचा मजकूर नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात, कारण काय तर 'तुझं मराठी चांगलंय'. शाळेत अक्षर चांगलं असलेल्या पोराला फळा लिहायला लावायचे, त्यातला प्रकार.

कार्यक्रम असा: दीपप्रज्वलन, स्वागत, मग आमचे सचिव पाच-सात मिनिटं बोलणार, सत्कार, मग ज्वारीवर आयुष्य घालवलेल्या एक संशोधक बाई पाऊण तास बोलणार, जेवण, दुपारी गटचर्चा. सचिवांच्या नावापुढं मी 'प्रास्ताविक' लिहिलं होतं. बैठकीत त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: कीनोट स्पीच. म्हणाले, "प्रास्ताविक गॅदरिंगला असतं. आता सगळीकडं कीनोटच म्हणतात." मी इकडं-तिकडं बघितलं. सगळे चहात बिस्कीट बुडवण्यात गुंतलेले.

हे चुकतंय असं आतून वाटतंय, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येईना. इंग्रजी आहे म्हणून खटकतंय, की दुसरंच काही? आणि मग त्या बाईंच्या भाषणाला काय म्हणायचं?

शेंगाचटणी | ११ जानेवारी, रात्री १०.४८

वाचतोय. सचिव इथं येत नाहीत ना?

पार्कचौककर | ११ जानेवारी, रात्री १०.५१

त्यांचं सगळं जग व्हॉट्सअ‍ॅपच्या सुप्रभातात आहे. निर्धास्त लिहा.

निवृत्त मास्तर | ११ जानेवारी, रात्री ११.२०

सचिव महोदयांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, प्रास्ताविक ही काही गॅदरिंगची मिरासदारी नव्हे. प्रस्ताव या शब्दावरून प्रास्ताविक. पुढं काय मांडलं जाणार आहे आणि का, हे यजमानानं आधी सांगायचं. आपल्याकडं कुठलीच गोष्ट एकदम सुरू करायची रीत नाही. संस्कृत नाटकात नांदी झाली की सूत्रधार येतो, नटीशी बोलता बोलता प्रस्तावना करतो. कीर्तनाला पूर्वरंग असतो, मग उत्तररंग. तमाशात आधी गण, मग गौळण, वगाची पाळी कितीतरी उशिरा.

साहित्य संमेलनाचंच बघा. १९४१ साली ते आपल्या सोलापुरात भरलं होतं, वि. स. खांडेकर अध्यक्ष. संमेलन म्हटलं की स्वागताध्यक्ष बोलतात, उद्घाटक बोलतात, मावळते अध्यक्ष बोलतात, नवे अध्यक्ष बोलतात आणि ज्याच्या त्याच्या बोलण्याला वेगळं नाव असतं. एकानं दुसऱ्याचं नाव उचललं तर मांडवातच जुंपेल.

कीनोटला मराठीत बीजभाषण म्हणतात. विद्यापीठांच्या चर्चासत्रांत चांगला रुळलेला शब्द आहे. बाईंचं ते बीजभाषण, सचिवांचं ते प्रास्ताविक. धागा संपला.

शेंगाचटणी | ११ जानेवारी, रात्री ११.२२

मास्तर 'धागा संपला' म्हणाले. म्हणजे आता आठवडाभर चालतोय.

जुळे सोलापूरकर | १२ जानेवारी, सकाळी ७.५५

मला यात काहीच अडचण दिसत नाही. कीनोट म्हटलं की आमच्या पिढीला लगेच कळतं. स्टीव्ह जॉब्सनं ९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवला, त्या भाषणाला सगळं जग कीनोटच म्हणतं. अ‍ॅपलनं स्लाइडच्या सॉफ्टवेअरचं नावसुद्धा कीनोट ठेवलंय. टेबल चालतं, बस चालते, स्टेशन चालतं, मग कीनोटनंच काय घोडं मारलंय? उद्या आगगाडीला अग्निरथ म्हणायला सांगाल. बीजभाषण म्हटलं तर माझ्या ऑफिसात दहातल्या आठ जणांना वाटेल बियाण्याच्या कंपनीचा कार्यक्रम आहे.

निवृत्त मास्तर | १२ जानेवारी, सकाळी ९.०५

जुळेसाहेब, आज तारीख काय? १२ जानेवारी. १९३१ साली आजच्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांना आपण काय म्हणतो? हुतात्मे. नाटक बघायला कुठं जातो? हुतात्मा स्मृती मंदिरात. हा 'हुतात्मा'सुद्धा घडवलेलाच शब्द, सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या शब्दांत तो धरला जातो. महापौर तसाच, दिनांक तसाच. रिक्षावाल्याला 'हुतात्मा' म्हणताना तुमची जीभ अडखळते का? शब्द वापरला की घरचा होतो. कपाटात ठेवला की परका राहतो.

जुळे सोलापूरकर | १२ जानेवारी, सकाळी ९.१२

हे पटलं. पण उलटंही खरं ना? कीनोट वापरला की तोही घरचाच होईल.

निवृत्त मास्तर | १२ जानेवारी, सकाळी ९.४०

होईल. आक्षेप नाही. पण घरचा झाल्यावर त्यानं कीनोटचंच काम करावं. प्रास्ताविकाच्या पाटावर बसू नये.

बोस्टनकर | १२ जानेवारी, दुपारी १२.१५

मी मूळचा सात रस्त्याचा. इथं रात्र आहे, झोप येईना म्हणून धागा वाचला.

मास्तर शेवटी जे बोलले तिथंच खरी मेख आहे. कीनोट हा शब्द संगीतातला. एखादी सुरावट ज्या मूळ स्वरावर उभी असते तो स्वर. अमेरिकेत राजकीय पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनातल्या एका खास भाषणाला हे नाव चिकटलं. पक्ष या निवडणुकीत कुठल्या सुरात बोलणार, ते त्या भाषणातून कळायचं. तिथून ते परिषदा, विद्यापीठं, कंपन्या असं पसरलं.

आता गंमत बघा. २००४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन याच बोस्टनमध्ये झालं, २६ ते २९ जुलै. उमेदवार जॉन केरी. कीनोट दिली बराक ओबामांनी. तेव्हा ते इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते, देशभरात फारसं कुणाला नाव माहीत नव्हतं. ते बोलले २७ तारखेला, म्हणजे अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी! पहिल्या दिवशी स्वागत आणि इतर बरीच भाषणं उरकली होती. कीनोट म्हणजे 'सगळ्यात आधीचं भाषण' असा अर्थ इंग्रजीतच नाही. इथल्या परिषदांत तर शेवटच्या दिवशी 'क्लोजिंग कीनोट' असते, तीन दिवसांत चार-चार कीनोट असतात.

यजमान जे सुरुवातीला बोलतो त्याला इंग्रजीत ओपनिंग रिमार्क्स म्हणतात, नाहीतर वेलकम अ‍ॅड्रेस. तुमच्या सचिवांना इंग्रजीच पाहिजे असेल तर ते द्या.

पार्कचौककर | १२ जानेवारी, दुपारी १२.३०

'रिमार्क' म्हटलं तर शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा आठवून ते आणखी बिघडतील.

पेटीवाले | १२ जानेवारी, दुपारी २.१०

संगीताचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचक.

आमचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतो. सुरुवात कशी होते सांगतो. बुवा घसा खाकरतात. टाळ अजून पिशवीत असतात. पखवाजवाला डाव्या पुडीला कणीक थापत असतो, कुणी बायकोचा फोन घेत असतो. मी भाता ओढतो, काळी दोनवर बोट ठेवतो आणि सा सोडून देतो. बाकी काही नाही, एवढा एकच सूर. कणीकवाला मान वर करतो, फोन बंद होतो, बुवा डोळे मिटतात. पुढं दोन तास जे होणार ते त्या सुरात होणार.

त्याच्या आधी देवळाचे एक ट्रस्टी उभे राहून 'आज आपण इथं का जमलो आहोत' ते सांगतात. वर्गणीचंही सांगतात. तेही लागतंच. पण त्याला कुणी सूर लावणं म्हणत नाही.

आणि बोस्टनकर, इंग्रजीतल्या 'की'ला आमच्यात पट्टी म्हणतात. "कुठल्या पट्टीत गाणार?" "काळी चार." तेव्हा कीनोट म्हणजे पट्टी लावून देणारं भाषण. वक्ताही पट्टीचाच लागतो त्याला.

निवृत्त मास्तर | १२ जानेवारी, दुपारी २.२५

पेटीवाले, दंडवत. एवढी वर्षं वर्गात शिकवलं, पण हे असं सांगायला जमलं नसतं.

शेंगाचटणी | १२ जानेवारी, दुपारी २.२७

'पट्टीभाषण' छापा. सचिव हातात पट्टी घेऊन मारायला येतील.

अक्कलकोटी | १२ जानेवारी, दुपारी ४.००

आमच्या घरी कन्नड. कन्नड कार्यक्रमांत कीनोटला 'आशय भाषण' म्हणतात आणि सुरुवातीच्या बोलण्याला 'प्रास्ताविक नुडी'. नुडी म्हणजे बोल. तुमचा प्रास्ताविक शब्द सीमेपलीकडंही तसाच चालतो, तिथं कुणी त्याला गॅदरिंगचा म्हणत नाही. आशय भाषण मला फार आवडतं. दिवसभराच्या बोलण्याचा आशय काय, ते सांगणारं. मराठी माणसालाही न सांगता कळेल.

साखरपेठ | १२ जानेवारी, सायंकाळी ५.३०

मग तेलुगूनं काय पाप केलंय? आमच्याकडं 'कीलकोपन्यासम्'. उपन्यासम् म्हणजे व्याख्यान (हिंदीवाल्यांनी दचकू नये, कादंबरी नव्हे). कीलक म्हणजे ज्याच्यावर सगळं अडतं ते, किल्लीसारखं. आजोबा मिलमध्ये होते, त्यांना हा शब्द नक्की माहीत नसणार. पण समाजाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत आता हमखास दिसतो.

बेगमपेठ | १२ जानेवारी, सायंकाळी ५.४८

उर्दूत 'कलीदी ख़ुत्बा'. कलीद म्हणजे किल्ली. म्हणजे साखरपेठ आणि बेगमपेठ दोघांनी मिळून कुलूपच उघडलं की!

निवृत्त मास्तर | १२ जानेवारी, सायंकाळी ६.३०

वा. एका शहरात एका शब्दाचे चार अवतार. तेलुगू आणि उर्दूनं किल्ली धरली, कन्नडनं आशय धरला, मराठीनं आणि हिंदीनं बी धरलं. हिंदीत बीज वक्तव्य म्हणतात. सूर मात्र कुणीच धरला नाही.

साखरपेठकर, तुमच्या कीलकावरून सुचलं. संस्कृतात कील म्हणजे मेख, आपला खिळा त्याच घरातला. म्हणजे कीलकोपन्यास म्हणजे खिळवून ठेवणारं व्याख्यान. (हा विनोद आहे, व्युत्पत्ती नव्हे. नाहीतर उद्या कुणीतरी पुढं पाठवायचा.)

बोस्टनकर | १२ जानेवारी, रात्री ८.०५

किल्लीवाल्यांना अगदीच चूक म्हणता येणार नाही. इंग्रजीत कुलपाची की आणि संगीतातली की हा शब्द एकच आहे.

मालदांडी | १२ जानेवारी, रात्री ९.१५

काय विचारूलालाव राव तुम्ही. ज्वारीच्या कार्यक्रमात 'बीजभाषण' छापलं तर मोहोळ-मंगळवेढ्याकडची माणसं पिशव्या घेऊनच येणार. बियाणं मिळतंय म्हणून. मीच येईन.

मस्करी सोडा, पण बाईंच्या विषयात बी हेच मूळ आहे. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रावर इथल्याच मालदांडीतून निवडलेलं, आणि इतकी दशकं झाली तरी रब्बीला शेतकरी तेच पेरतो. का, तर भाकरी गोड, कडबा चांगला आणि पाणी नसलं तरी नुसत्या ओलीवर उभं राहतंय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते उगाच नाही. आता सांगा, असल्या कार्यक्रमात बीजभाषणापेक्षा चांगला शब्द कुठला?

निवृत्त मास्तर | १२ जानेवारी, रात्री ९.५०

मालदांडी, तुम्ही न कळत भरतमुनींच्या मांडीला मांडी लावून बसलात. नाट्यशास्त्रात पाच अर्थप्रकृती सांगितल्यात: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. त्यातलं बीज म्हणजे सुरुवातीला थोडक्यात टाकलेलं आणि पुढं पसरत पसरत फळापर्यंत जाणारं.

मालदांडी | १२ जानेवारी, रात्री ९.५३

मग मी वेगळं काय म्हणूलालोय? पेरलं की उगवतंय.

सूत्रसंचालिका | १२ जानेवारी, रात्री १०.३०

तुम्ही सगळे अर्थावर बोलताय. मी घड्याळावर बोलते. बरीच वर्षं या शहरात सूत्रसंचालन करते आहे. फडकुले सभागृह, हुतात्मा, लग्नाची कार्यालयं, सगळीकडं.

पत्रिकेवर भाषणाचं जे नाव छापता ते खरं म्हणजे वेळेचं तिकीट असतं. 'प्रास्ताविक' म्हटलं की माणसाला आपोआप कळतं, पाच-सात मिनिटं आणि खाली बसायचं. 'मनोगत' म्हटलं की दहा मिनिटं आणि थोडं रडायला परवानगी. 'आभार' म्हटलं की लोक चपला शोधायला लागलेले असतात, दोन मिनिटांत उरका. बीजभाषण किंवा कीनोट म्हटलं की अर्धा-पाऊण तास. सचिवांच्या नावापुढं कीनोट छापाल तर ते पाऊण तास बोलतील, कारण तुम्हीच त्यांना पाऊण तासाचं तिकीट दिलंय. मग मी चिठ्ठी पाठवणार, ते ती चिठ्ठी वाचून खिशात घालणार, पुन्हा 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून पहिल्यापासून सुरू करणार. बाहेरगावाहून आलेल्या त्या बाईंना मग मी कुठल्या तोंडानं सांगू, मॅडम, जरा आवरतं घ्या?

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. एका मोठ्या कार्यक्रमात (नाव लिहीत नाही) यजमानांचीच कीनोट पन्नास मिनिटं चालली. ज्यांना विमानानं बोलावलं होतं ते गृहस्थ अकरा मिनिटं बोलले. मानधन पूर्ण, सत्काराची चादर मोठी, भाषण अकरा मिनिटं.

एक प्राध्यापक | १२ जानेवारी, रात्री ११.१०

नाव बदलून लिहितोय, समजून घ्या.

सचिव शिक्षणक्षेत्रातले आहेत का? असतील तर हा वाद भाषेचा नाहीच. यूजीसीच्या नियमांत बढतीसाठी जे संशोधनाचे गुण मोजतात, त्यात चर्चासत्रातल्या निमंत्रित व्याख्यानाला गुण आहेत. राज्य पातळीचं वेगळं, राष्ट्रीय वेगळं, आंतरराष्ट्रीय आणखी वेगळं. प्रास्ताविकाला शून्य. स्वागताला शून्य. आभाराला तर चहाही मिळत नाही. मग पत्रिका जपून ठेवायची, प्रमाणपत्र जोडायचं, फाईल लावायची. म्हणून पाच मिनिटांचं 'चार शब्द' हळूच 'कीनोट' होतं, आणि वीस माणसांच्या चर्चासत्राच्या नावात 'राष्ट्रीय' येतं. आमच्याकडं एकाच सत्रात तीन कीनोट झालेल्या मी ऐकल्यात. तिघांनीही आधीच्यांचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. आले, बोलले, गेले.

मीही एकदा केलंय. त्या फाईलीत अजून आहे ते.

पार्कचौककर | १२ जानेवारी, रात्री ११.२५

सचिव निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना गुण नकोत, मान पाहिजे. पण तुमच्या शेवटच्या ओळीला सलाम.

जुळे सोलापूरकर | १२ जानेवारी, रात्री ११.४०

मी माझं मत अर्धं बदलतोय. कीनोट म्हणायला माझी अजूनही हरकत नाही, पण ती बाईंची. सचिवांचं प्रास्ताविकच. आयफोनच्या वेळी सभागृहाच्या मालकानं उठून 'आमच्या सभागृहाची स्थापना' असं सांगितलं असतं तर त्याला कुणी कीनोट म्हटलं नसतं.

छापखानेवाला | १३ जानेवारी, सकाळी ११.००

गिऱ्हाइकानं जे दिलं ते छापायचं हा आमचा धर्म, तरी दोन शब्द.

एक, 'बीजभाषण' जोडून लिहा. सुटं लिहिलं की डीटीपीवाला पोरगा ओळ मोडताना 'बीज' वर ठेवतो आणि 'भाषण' खाली पाडतो. वरती नुसतं 'बीज' राहतं, लोकांना भाऊबीज वाटते. पहिली वेलांटी दीर्घ. 'बिज' लिहून आणू नका, मास्तर दुकानात येऊन भांडतात. (आलेत.)

दोन, गेल्या महिन्यात एक पत्रिका छापली, तीत एकाच माणसाच्या नावापुढं 'प्रास्ताविक तथा कीनोट तथा बीजभाषण' होतं. मी विचारलं, साहेब, तिन्ही का? म्हणाले, कार्ड मोठं आहे ना, जागा राहते.

पार्कचौककर, मजकूर आज पाचपर्यंत आला तरच वेळेत. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत माझी पोरं संध्याकाळी सहानंतर थांबत नाहीत.

पार्कचौककर | १३ जानेवारी, रात्री ९.३०

झालं एकदाचं. दुपारी सचिवांच्या घरी गेलो. ओबामा सांगून बघितला, 'आपल्याला अमेरिकेचं काय करायचंय' म्हणाले. भरतमुनी सांगितले, ते त्यांना आधीपासून माहीत होते. पेटीवाल्यांची काळी दोन सांगितली तेव्हा मात्र गप्प झाले, कारण त्यांचे वडील भजनाला जायचे. थोड्या वेळानं म्हणाले, "पण नुसतं 'प्रास्ताविक' फार बारीक दिसतंय रे."

म्हणजे अडचण तिथं होती. शब्द बारीक दिसत होता. मी म्हटलं, 'प्रास्ताविक व संस्थेची भूमिका' करू का? चेहरा उजळला. स्वतःच लाल पेनानं कीनोट खोडलं. बाईंच्या नावापुढं 'बीजभाषण' गेलं. छापखान्यात प्रूफ दोनदा काढावं लागलं, कारण पहिल्यात 'भूमिका' च्या जागी 'भूमिगत' आलं होतं.

सूत्रसंचालिका | १३ जानेवारी, रात्री ९.४५

'व संस्थेची भूमिका' हे जे तुम्ही जोडलंत ना, त्याला किमान वीस मिनिटं लागतात. लिहून ठेवा.

पार्कचौककर | शेवटचा रविवार, रात्री १०.२०

कार्यक्रम झाला, म्हणून धागा वर आणतोय.

सूत्रसंचालिकाबाई, तुम्ही चुकलात. वीस नाही, चौतीस मिनिटं. संस्थेची भूमिका १९७० च्या दशकातल्या दुष्काळापासून सुरू झाली. मी दोन चिठ्ठ्या पाठवल्या. पहिली त्यांनी टेबलावरच्या हारांखाली सरकवली. दुसरी चष्मा लावून, मोठ्यानं वाचून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते आणखी पाच मिनिटं बोलले. सत्कारात पुन्हा वेळ गेला, चादरी घड्या उघडून दाखवल्याशिवाय द्यायच्या नाहीत असा इथला दंडक आहे.

बाईंना वीस मिनिटं उरली. पेनड्राइव्हवर चाळीसेक स्लाइड होत्या. माईकवाल्यानं प्रोजेक्टर चालू केला तर त्या म्हणाल्या, राहू दे, बंद करा. पिशवीतून दोन कणसं काढली. एक मालदांडीचं, भरीव, दाणे मोत्यासारखे, अगदी चमकणारे. दुसरं खरिपातल्या संकरित ज्वारीचं, काढणीच्या वेळी पाऊस लागून दाणे काळे पडलेलं. दोन्ही पहिल्या रांगेतल्या एका आजोबांच्या हातात दिली आणि विचारलं, "काका, यातलं घरात खायला कुठलं ठेवाल आणि विकायला कुठलं?" आजोबांनी काळं कणीस नाकाजवळ नेलं, दोन दाणे चोळून तोंडात टाकले आणि थुंकले. सभागृह हसलं. मग त्या त्याच काळ्या कणसावर बोलल्या. ते काळं का पडतं, भाव का पडतो, खरिपाची ज्वारी माणसाच्या ताटातून कोंबड्यांच्या खाद्यात कशी गेली आणि रब्बीची मालदांडी ताटात का टिकली.

दुपारी गटचर्चा होत्या. तीन गट, विषय वेगळे: बाजार, बियाणं, आहार. मी तिन्हीकडं डोकावलो. तिन्हीकडं कुणीतरी 'ते सकाळचं काळं कणीस' म्हणत होतं. बाजारवाल्यांनी तर कणीस आजोबांकडून मागून आणून टेबलावर मधोमध ठेवलं होतं.

पेटीवाले | शेवटचा रविवार, रात्री १०.३५

सा लागला म्हणायचा.

मालदांडी | शेवटचा रविवार, रात्री १०.४१

मी आलो होतो. मागून चौथी रांग. पिशवी घेऊन. बियाणं कुणी दिलं नाही. आजोबांनी मात्र ते चांगलं कणीस जाताना खिशात घातलं, मी बघितलंय.

छापखानेवाला | शेवटचा रविवार, रात्री १०.५०

कार्यक्रम छान झाला हे वाचून बरं वाटलं. पार्कचौककर, दुसऱ्या प्रुफाचे पैसे राहिलेत. 'भूमिगत' आमची चूक होती हे कबूल, पण 'व संस्थेची भूमिका' नंतर जोडलं त्याला ओळ वाढली, आणि ओळ वाढली म्हणून कार्ड बदललं. उद्या दुकानावर या.